बारावा पडदा

एकोणीस वर्षं मी पडदे घासतेय.
खिडकीचे नव्हेत,
गिटारीच्या मानेवरचे, धातूचे, एकेकीला बावीस.
सिदोआर्जोला कधी आलात
तर कारखान्याच्या मागच्या दाराशी थांबा,
तीनला पाळी सुटते.
ज्या बायकांच्या भुवया पांढऱ्या दिसतील
त्या म्हाताऱ्या नसतात. लाकडाचा भुसा असतो तो.

सकाळी येतात त्या माना महागड्या नावाच्या.
जेवणानंतर येतात त्या स्वस्त नावाच्या.
मधे आम्ही भात खातो, हात धुतो.
कानस तीच.
लाकडाला विचारलं तर त्यालाही सांगता यायचं नाही
आपण सकाळचे की दुपारचे.
खरं सांगायचं तर सकाळच्या मानेला अकरा मिनिटं मिळतात,
दुपारच्या मानेला सहा.
फरक आहे, पाच मिनिटांचा आहे.
बाकीचे पैसे नावाचे.

नावं येतात पातळ कागदावर, सोनेरी,
हार्जितोसाहेबांच्या कुलपात, मोजून.
एक कमी भरलं
तर सगळ्या पाळीच्या पिशव्या उपड्या करतात.
आणि ज्या मानेत गाठ निघते
ती करवतीखाली उभी चिरतात,
कुणी उचलून नेऊ नये म्हणून.
पहिल्या वर्षी मी तोंड फिरवायचे.

माझा मुलगा गालिह. आमच्याकडे
झाडाच्या गाभ्याला गालिह म्हणतात,
वाळवी जिथं हात टेकते ते लाकूड.
मोबाइलवर त्यानं दाखवली मला,
मधाच्या रंगाची,
एक कोटी ऐंशी लाख रुपिया.
म्हणाला, ही तू केलीस?
मी मान न्याहाळली. म्हटलं, असेल.
माझे चार पगार, तिथं खुंटीला टांगलेले.
मग हळूच म्हणाला,
निदान एक नाव तरी आणशील? सोनेरी?
मी त्याच्या ताटात भात वाढला.
समजला तो. तरी दोन दिवस बोलला नाही.

माडुरा बेटावरचा मातरावी भंगारवाला,
त्याच्याकडे पंख्यांच्या जाळ्यांमागे एक होती.
डोकं कोरं. नाव नाही, गाव नाही.
पंधरा लाख म्हणाला, बारावर आला,
वर एक वायर दिली आणि पुष्कळ शपथा.
घरी वाजवली तर कण्हत होती,
सातव्या पडद्यापुढे सगळे सूर
एकाच घरी जेवायला.
कडांना अशी धार की गालिहच्या बोटातून रक्त आलं.

रात्री तिची मान उशीवर ठेवली.
एकेका पडद्याला काळ्या पेनानं शाई फासली,
पोलादी पट्टी धरली, मागून बॅटरी लावली.
उजेड झिरपतो तिथं पडदा बुटका.
बुटक्याला वाढवता येत नाही,
उंचांनाच खाली आणावं लागतं.
घासत घासत शाई जाते,
मधोमध केसाएवढी रेघ उरली की थांबायचं.
चार रात्री लागल्या. घड्याळ घेऊन
कुणी मागे उभं नव्हतं.
नवरा कूस बदलून म्हणाला, झोप,
ह्याचा ओव्हरटाइम कोण देणार आहे?

सतरा ऑगस्टला गल्लीच्या तोंडाशी मंच.
तेलकट खांबावरून पोरं घसरून झाली,
दोरीला टांगलेले पापड तोंडानं खाऊन झाले,
मग गालिह आणि त्याचे तिघे.
कुणीतरी खालून ओरडलं, कुठली रे ही?
तो म्हणाला, घरची.

शेजारणी माझ्या दंडाला चिमटे काढत होत्या.
मला मात्र भोंग्यांच्या त्या गदारोळात
भलतंच ऐकू येत होतं.
बारावा पडदा, सगळ्यात बारीक तार,
किंचित झिणझिण.
दुसऱ्या कुणाला कळलीही नसेल.

दोन हातांचं काम आहे.
उद्या तीननंतर बघते.